मुलं बटण दाबून पळतात, मग समजवायचं कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि तीन महिन्यांपूर्वी मुंबईतल्या एका विज्ञान संग्रहालयात शिक्षण सहायक म्हणून लागलात. दिवसाला शाळांचे पाच-सहा गट येतात. तुम्ही तत्त्व सांगायला सुरुवात करेपर्यंत मुलं बटण दाबून पुढच्या वस्तूकडे पळालेली असतात, बरोबरच्या बाई घड्याळ बघत असतात आणि संध्याकाळपर्यंत घसा बसलेला असतो. तुम्ही विचारलंय, चांगलं समजावून सांगायला शिकायचं कसं? आणि शेवटी, जरा चाचरत, हेही विचारलंय की या कामात पदवी वाया तर जात नाही ना?

मी हे काम मुंबईतच बावीस वर्षं करते आहे. तुमचं लिहिणं वाचून तुमचं समजावणं कमी पडत असेल असं मला मुळीच वाटलं नाही. तुमची भाषा स्वच्छ आहे, विषय पक्का आहे. अडचण अशी की तुम्ही फार लवकर समजावताय. ज्या मुलाला अजून प्रश्नच पडलेला नाही, त्याच्यापुढे तुम्ही उत्तर ठेवताय. भूक लागायच्या आधी ताट वाढलं तर मूल ताटावरून उठणारच, त्यात स्वयंपाकाचा दोष नसतो. म्हणून ‘चांगलं कसं समजावू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि ‘मुलाला थांबावंसं कशाने वाटेल’ याचा विचार करा.

पुढे जे सांगते आहे ते सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पन्नास मुलं आणि वीस मिनिटं हा एक प्रकार. पंधरा मुलं आणि तासभर हा अगदी वेगळा. तिसरीची मुलं हाताने विचार करतात, नववीची मित्रांसमोर चुकायला घाबरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सहलींचा हंगाम असतो. तेव्हा एकाच दिवसात राणीची बाग, तारांगण आणि विज्ञान केंद्र उरकून बसला साडेचारच्या आत शाळेत पोचायचं असतं. त्या दिवसांत एका गटाला एक गोष्ट नीट बघता आली तरी मी समाधान मानते. शिवाय आपल्या महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. सकाळी मराठी, मग उर्दू, दुपारी तमीळ माध्यमाचा गट आला की तुमची घोटून पाठ केलेली वाक्यं निकामी होतात, मुलांपुढे उरते ती समोरची वस्तू. माझ्या मते हे बरंच आहे.

एक प्रसंग सांगते, कारण माझी स्वतःची पद्धत त्या दिवशी बदलली.

आमच्याकडे बाहेरच्या बागेत कप्प्यांची एक मांडणी होती. वाळूच्या तीन सारख्याच पिशव्या, प्रत्येकीला दोर. पहिला दोर एकाच कप्पीवरून गेलेला, दुसरा दोन कप्प्यांतून, तिसरा चार. पहिली पिशवी उचलताना मुलांचे दात-ओठ आवळतात आणि तिसरी एका हाताने वर येते. मी तिथे उभं राहून ‘यांत्रिक फायदा’ समजावत असे, पाटीवर लिहिलं होतं तसाच. त्या दिवशी मशीद बंदरकडच्या एका शाळेची सातवी आली होती. एक मुलगा तिसरा दोर ओढत होता. मी बोलणार इतक्यात तो वैतागून म्हणाला, “बाई, हा दोर संपतच नाही.”

माझ्या पाठ भाषणात हे वाक्य कुठेच नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. मग नुसतं विचारलं, “कुठला दोर संपतो?” त्याने जाऊन पहिला ओढून पाहिला, परत तिसरा ओढला. बाजूच्या मुलीला पिशवी किती वर आली ते वीत लावून मोजायला सांगितलं आणि स्वतः दोर मोजला. पिशवी एक वीत चढली तेव्हा हातात चार विती दोर आला होता. मुलगी म्हणाली, “म्हणजे जोर कमी लागतो, पण ओढायचं जास्त.” मी अजून एक अक्षर बोलले नव्हते. आणि मग तो मुलगा म्हणाला, “पप्पा गोदामात गोणी अशीच चढवतात. फळी लावून. लांब पडतं पण सोपं जातं.” त्याचे वडील माथाडी होते.

कप्पी आणि उतरती फळी यांच्यामागे एकच नियम आहे, हे पुस्तकात दोन वेगळ्या आकृत्यांत विखुरलेलं असतं. त्या मुलाने ते गोदामातून आणून माझ्यासमोर जोडलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, “दोन्हीकडे जे सारखंच राहतं ना, जोर गुणिले अंतर, त्याला विज्ञानात कार्य म्हणतात.” शब्द सगळ्यात शेवटी आला, म्हणून तो त्यांना गरजेचा वाटला. तोच शब्द मी आधी उच्चारला असता तर दोर न मोजताच तो गट पुढे गेला असता. कित्येक वर्षं कित्येक गट तसेच गेलेही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यावरून मी एक सवय लावून घेतली: अंदाज आधी, बटण नंतर. मी अक्षरशः बटणावर तळवा ठेवून उभी राहते. समजा दोन उतार शेजारी शेजारी आहेत, एक सरळ आणि एक खाली झोल पडलेला. दोन्ही एकाच उंचीवर सुरू होतात आणि खाली एकाच पातळीवर संपतात. दोन गोळ्या एकदम सोडायच्या. कुठली आधी पोचेल? हात वर करायला लावते. बहुतेक मुलं सरळ उताराला मत देतात, कारण ती वाट जवळची. काही जण बरोबर उत्तर आधीच ऐकून आलेले असतात; त्यांना मी ‘का’ विचारते आणि तेही विचारात पडतात. मग, “मत बदलायचं असेल तर आत्ताच,” असं म्हणून थोडी थांबते. या घडीला पन्नास मुलांपैकी एकही पळत नाही, कारण प्रत्येकाने पैज लावलेली असते. गोळ्या सुटतात आणि झोल पडलेल्या उतारावरची जिंकते. पहिला आवाज येतो, “परत! परत!” दुसऱ्या वेळी ती मुलं सुरुवातीचा तीव्र उतार बघतात. तिसऱ्या वेळी कोणीतरी बोलतं की ती आधीच जोरात सुटली, म्हणून लांबचा रस्ताही लवकर कापला. तुम्ही सांगणार होतात ते हेच, पण आता ते त्या मुलाचं झालं आहे.

इथे नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. प्रश्न विचारल्यावरची शांतता आपल्याला खायला उठते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मी मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला तळहाताला घाम सुटायचा. तुम्हालाही सुटेल, तरी मोजा.

दुसरं, सगळं दाखवायचा अट्टहास सोडा. तुमच्या दालनात साठ वस्तू असतील तर गट घेऊन साठही वस्तूंपुढून जाऊ नका. चार निवडा. जिथे उभं राहिलात की तुम्ही सगळ्यांना सहज दिसाल अशा जागी त्या चार असाव्यात, आणि त्यातली निदान एक मुलांच्या घरात सापडणारी असावी. बाकीच्या वस्तूंसाठी मुलांना मोकळं सोडा. पळू द्या, दाबू द्या. पळणं हा गुन्हा नाही. त्या वयाचं मूल नव्या जागेत शिरलं की आधी सगळीकडे फिरून येतं आणि मग कुठेतरी स्थिरावतं. मी पहिली दहा मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवते आणि कोण कुठे रेंगाळतंय ते बघते. ज्या वस्तूपाशी दोघं-तिघं परत आली, तिथूनच सुरुवात करते. बाईंना मात्र हे आधी सांगावं लागतं, नाहीतर त्यांना वाटतं आपण काम टाळतोय. गट दारात असतानाच मी त्यांना म्हणते, “पहिली दहा मिनिटं मुलं तुम्हाला उनाड वाटतील, जरा सोसा. नंतर मी चार गोष्टी घेते. मुलं काय बोलतात तेवढं तुम्ही एका कागदावर टिपाल का?” हातात काम आलं की त्याही घड्याळ बघायच्या थांबतात. आणि तो कागद शाळेत गेल्यावर त्यांच्याच उपयोगी पडतो.

घशाबद्दल: खुल्या दालनात पन्नास मुलांवर आवाज चढवून कोणाचाच घसा टिकत नाही. मुलांना अर्धवर्तुळात, पुढची रांग बसलेली, मागची उभी, असं जवळ घ्या आणि आवाज खाली आणा. कमी बोललात की घसा आपोआप सुधारतो. कोमट पाणी जवळ ठेवा, आणि सलग तिसरा गट झाला की दहा मिनिटांची विश्रांती वरिष्ठांकडून हक्काने मागून घ्या.

आता थोडं पावसाळ्याविषयी, कारण जूनमध्ये तुमच्यावर हा प्रसंग येणारच आहे. स्थिर विद्युतचे प्रयोग मुलांना फार आवडतात. व्हॅन डी ग्राफ यंत्रात एक फिरता पट्टा विद्युत प्रभार वर नेऊन खांबावरच्या धातूच्या गोळ्यावर साठवतो. त्या गोळ्यावर हात ठेवला की केस उभे राहतात, आणि मुलं त्यासाठीच रांग लावतात. डिसेंबरमध्ये ते झकास चालतं. जुलैत मुंबईची हवा इतकी ओली असते की पट्ट्यावर आणि खांबावर ओलाव्याचा पापुद्रा बसतो, आणि जमलेला प्रभार त्यावरून निसटून जातो. मी सकाळी दार उघडायच्या आधी केस वाळवायच्या यंत्राने पट्टा आणि खांब वाळवते, कोरड्या सुती फडक्याने गोळा पुसते. तरीही कधीकधी काही होत नाही. एकदा लांबसडक केसांची एक मुलगी डोळे मिटून उभी होती आणि तिचा एक केससुद्धा हलला नाही. सगळे हसायला लागले. तिचा चेहरा उतरला. माझ्या वरिष्ठांनी हा प्रयोग पावसाळ्यात बंदच ठेवावा असं सुचवलं होतं. पण मी मुलांनाच विचारलं, “मागच्या डिसेंबरात हेच यंत्र चाललं होतं. आज काय बदललंय?” उत्तरं आली: वीज कमी असेल, यंत्र बिघडलं असेल, तिच्या केसांना तेल आहे. प्रत्येक उत्तर आम्ही तपासलं. बिनतेलाच्या केसांचा एक मुलगा उभा केला, त्याचेही केस हलले नाहीत. मग मागून एक बारीक आवाज आला, “हवा सादळलीये. पापडासारखी.”

‘सादळणे’ हा शब्द ज्या घरांत रोज वापरला जातो, तिथल्या मुलांना आर्द्रता शिकवायला वेगळी व्याख्या लागत नाही. त्या मुलीला मी पुन्हा बोलावलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पट्टा वाळवला. दहा मिनिटांनी कानाजवळच्या चार-दोन बटा उचलल्या गेल्या. त्या चार बटांना जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या डिसेंबरातल्या पूर्ण उभ्या केसांनाही पडत नाहीत. पावसाळ्यात मी आता हा प्रयोग मुद्दाम ठेवते.

बंद पडलेल्या वस्तूंचंही तसंच. ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी लावावी लागते, पण शक्य असेल तेव्हा तंत्रज्ञांना सांगून झाकण उघडं ठेवा. आतला पट्टा, मोटर, वायरी बघायला मुलं चालू वस्तूपेक्षा जास्त वेळ थांबतात. मात्र वीज आधी तोडलेली असली पाहिजे आणि तुम्ही स्वतः तिथे उभं राहिलं पाहिजे. यात तडजोड करू नका. आणि तंत्रज्ञांशी मैत्री ठेवा. कुठली वस्तू मुलं कशी मोडतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि मोडण्याच्या पद्धतीवरून मुलांनी त्या वस्तूकडून काय अपेक्षा केली होती ते कळतं.

पदवीच्या प्रश्नाकडे येते. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय १९६९ मध्ये सुरू झालं, फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलं. तिथे दालनात पाहुण्यांच्या मदतीला त्यांनी पहिल्यापासून शाळकरी वयाची मुलं-मुली ठेवली. म्हणजे दालनात उभं राहायला एमएस्सी लागते असं नाही. ती कुठे लागते, तर खोटं न बोलण्यासाठी. विमान कसं उडतं हे विचारलं की अजूनही कितीतरी ठिकाणी सांगतात, ‘पंखाच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या हवेला लांबचं अंतर कापून खालच्या हवेला गाठायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते.’ हवेला असं कोणालाही गाठायचं नसतं. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या टोकाला पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते, हे चौथीच्या मुलालाही चालत्या बसच्या खिडकीतून तिरका धरलेला तळहात आठवायला लावून सांगता येतं. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूचंही तेच. झोत तिरका केला तरी चेंडू पडत नाही, कारण झोत चेंडूला लपेटून वळतो आणि वळताना त्याला परत आत ढकलतो. कुठलं सोपं उत्तर खरं आहे आणि कुठलं फक्त सोपं आहे, हे ओळखायला विषय खोलवर यावा लागतो. आणि जिथे आपल्याला येत नाही तिथे ‘मला माहीत नाही, चल करून बघू’ असं मुलासमोर न अडखळता म्हणायलाही विषयाचा भरवसा लागतो.

आणखी एक ठिकाण आहे जिथे तुमची पदवी अंगणात उतरते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदाच आपल्या अगदी डोक्यावर येतो: मेच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, आणि जुलैच्या अखेरीस, २७-२८ च्या आसपास. जुलैत ढगांमुळे बहुधा हुकतो. मेमध्ये सुट्टी असते, आकाश मोकळं असतं, आणि आई-वडील, आजी-आजोबा मुलांना घेऊन येतात. दिल्लीत हा दिवस कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या वर आहे. दरवर्षी मी जमलेल्यांना विचारते, “रोज दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?” मोठीही माणसं एका सुरात म्हणतात, “डोक्यावर!” मग मी बरोबर बारा वाजता त्यांना ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली आखायला सांगते. त्या दिवशीसुद्धा बाराला सावली असते. ती जाते साडेबारा उलटल्यावर, बारा पस्तीसच्या सुमारास. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं इथे ती वापरात होती, हे एखाद्या आजोबांना आठवतं आणि मग त्यांच्याभोवतीच घोळका जमतो.

गेल्या मे महिन्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी आजोबांचं बोट धरून आली होती. बारा पस्तीसला काठीची सावली बुंध्यात नाहीशी झाली, सगळ्यांनी फोटो काढले. ती मात्र खाली स्वतःच्या पायांकडे बघत होती. “आजोबा, माझी कुठे गेली?” आजोबा म्हणाले, “आज सावली नसते ग बाळा.” मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनात आकडे मोजायला लागले. तिसऱ्याला तिने दोन्ही पाय जुळवून उंच उडी मारली, खाली बघितलं आणि ओरडली, “ही बघा! पायाखाली लपलीये!” मग आजोबांनीही, गुडघे सांभाळत, जमेल तेवढी उडी मारली.

तुमच्याकडे अंगण असेल तर या मेमध्ये हे नक्की करा. लागतं काय, मीटरभराची सरळ काठी, ओळंबा, खडू आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायला चार मुलं. साडेअकरालाच सुरुवात करा, मुलांना टोप्या आणि पाणी आणायला सांगा, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही हे पहिल्या वाक्यातच बजावा.